सीलची फुप्फुसं आणि हुकमाचं पान

बोदिल नोर्बीच्या हातांना डुकराच्या फुप्फुसांचा वास यायचा. साबणानं घासून, लिंबू चोळूनही तो जायचा नाही, आणि खरं सांगायचं तर तो घालवायची तिनं फारशी खटपटही केली नव्हती. ऑर्हुसच्या विद्यापीठात प्रोफेसर होऊन बाईला बरीच वर्षं झाली होती, तरी सकाळी कत्तलखान्यातनं बादल्या भरून आणायला ती स्वतःच जायची. जुनी गाडी, मागची सीट उपटून टाकलेली, तिथं झाकणाच्या बादल्या आणि आत अजून कोमट असलेली फुप्फुसं. फाटकावरचा पहारेकरी दुरूनच हाळी द्यायचा, "आली फुप्फुसवाली!" बोदिल काच खाली करून म्हणायची, "गप फाटक उघड, न्हाईतर तुझीच काढून नेईन."

बाई मूळची पश्चिम किनाऱ्यावरची, त्युबोरोन बंदरातली. तिथला वारा माणसाला सरळ उभं राहू देत नाही. म्हणून तिथली माणसं जरा पुढं वाकून चालतात, आणि वारा नसला तरी तशीच चालतात. बोदिलही तशीच चालायची. बापाची मासेमारीची बोट होती, ती पुढं भाऊ क्रेस्टेनकडं आली. बोदिल डॉक्टरकी शिकायला गेली, पण माणसांची दुखणी ऐकत बसण्यात तिचा जीव रमला नाही. तिला आतलं यंत्र उघडून बघायचं होतं. गाव सुटलं, बोली मात्र तिनं सोडली नाही. कोपनहेगनच्या मंडळींपुढं उभी राहिली तरी तोंडात तीच बंदरावरची खारट भाषा. कुणी गालात हसत विचारलं, "बोदिल, हे डॅनिशच आहे ना?" की ती म्हणायची, "हेच डॅनिश हाय. तुमचं ते पाण्यात भिजवून पिळून काढलेलं."

संशोधनाला पैसे मागायचे तर काय सापडणार हे आधी लिहून द्यावं लागतं. काय सापडणार हे ठाऊक असेल तर शोधायचं कशाला, असं बोदिलनं तरुणपणी एकदा भर सभेत विचारलं होतं. उत्तर मिळालं नाही आणि पैसेही मिळाले नाहीत. मग ती डुकरांकडं वळली. डुकरांवर अख्ख्या देशाचं पोट चालतं. डुकराच्या फुप्फुसात अमुक औषध फवारलं तर किती मुरतं, असं काही लिहिलं की पैसेवाल्यांच्या माना डोलायच्या. ठरलेलं काम, ठरलेला निकाल, ठरलेल्या वेळेला अहवाल. बोदिलनं त्यावर बऱ्यापैकी नाव कमावलं. कुणाचं वाईट झालं नाही, थोडंफार चांगलंच झालं.

पण डोक्यात तिच्या डुक्कर नव्हतं. डोक्यात सील होता.

सील खोल बुडी मारतो तेव्हा पाण्याच्या दाबानं त्याची फुप्फुसं पार चपटी होतात. वर आला की परत फुगतात, जणू काही झालंच नाही. माणसाचं फुप्फुस असं एकदा मिटलं की आतल्या भिंती एकमेकींना चिकटून बसतात. मग दवाखान्यात यंत्र लावून जोरानं हवा भरायची, आणि त्या जोरानं धड असलेलंही फाटायचं. सीलच्या फुप्फुसाला आतनं असं काय लावलेलं असतं? आणि ते काढून माणसाच्या कामी आणता येईल का? एवढाच प्रश्न. बोदिलनं लहानपणी धक्क्यावर पोट फाडलेले सील पाहिले होते, तेव्हापासून तो तिच्या मागं लागलेला.

हा प्रश्न तिनं ज्याच्याबरोबर चघळला तो तिचा विद्यार्थी आस्गर. तोही त्याच किनाऱ्यावरचा, डोक्यानं तल्लख, जिभेनं सैल. बोदिलच्या स्वयंपाकघरात काळ्या पावावर हेरिंग मासे खात दोघांनी सगळी मांडणी केली होती. आस्गर म्हणाला होता, "माणसाचं फुप्फुस म्हंजे पावाची ओली पिशवी. एकदा चिकटली की नखानं सोडवत बसा." आणि सील मारायचे नाहीत, कोळ्यांच्या जाळ्यांत अडकून आपोआप मेलेले घ्यायचे, हीही त्याचीच युक्ती. दोघांनी तीन ठिकाणी पैसे मागितले. तिन्हीकडनं एकच उत्तर, कल्पना मनोरंजक आहे, पण जोखीम फार. आधी काही हाती लागल्याचं दाखवा. हाती लागायला पैसे हवेत म्हणून तर मागत होते. शेवटी आस्गरला जुळ्या मुली झाल्या आणि तो स्कीवेला दह्याच्या कारखान्यात लागला. दही किती घट्ट लागलं ते मोजायचं काम. जाताना म्हणाला, "बोदिल, दही निदान सांगतं तरी की मी लागलो म्हणून." त्यालाही आता जमाना झाला होता.

पुढं बोदिलच्या वाट्याला एक वेगळंच काम आलं. होल्मस्ट्रप फंडाची ती पंच झाली, पैसे कुठल्या अर्जाला द्यायचे ते ठरवणाऱ्यांतली एक.

ह्या फंडाला सगळे येड्यांचा फंड म्हणायचे. म्हातारा होल्मस्ट्रप गाईंचं दूध काढायचं यंत्र करून श्रीमंत झालेला. त्यानं पहिलं यंत्र केलं तेव्हा शहाण्यासुरत्यांनी सांगितलं होतं की गाय हे अंगाला लावून घेणार नाही. तो राग म्हाताऱ्यानं मरेपर्यंत जपला आणि मृत्युपत्रात लिहून ठेवलं, की माझा पैसा माणसाच्या औषधपाण्याच्या अशा कामाला द्या ज्याला शहाणी माणसं नको म्हणतात. अर्जावर नाव घालायचं नाही, गाव नाही, विद्यापीठ नाही, आधी काय दिवे लावले तेही नाही. नुसती कल्पना. म्हातारा पत्त्यांचा नादी होता, म्हणून प्रत्येक पंचाला वर्षाला एक इस्पिकची राणी मिळायची, खरंखुरं पान. बाकी सगळे नको म्हणत असताना तुम्हाला एखादा अर्ज पटला, तर ती राणी त्यावर टाकायची. मग चर्चा बंद, पैसे मंजूर. हुकमाचं पान एकदा पडलं की उचलायचं नाही.

दुसरा नियम असा, की अर्ज कुणाचा ते तुम्ही ओळखलंत, तर तसं सांगून खोलीबाहेर जायचं. त्या अर्जावर बोलायचं नाही आणि राणीही टाकायची नाही. आणि आतलं एक अक्षर बाहेर काढलं तर पंचकी गेली.

बोदिलनं दोन वर्षं पंचकी केली आणि दोन्ही वेळा राणी तशीच परत दिली. अध्यक्ष विगो रावन, मोठ्या कानांचा, सावकाश बोलणारा जुना हृदयाचा सर्जन, तिला चिडवायचा, "बोदिल, तुझी राणी म्हातारी व्हायला लागली. एकदा तरी तिला नाचू दे."

"नाचण्यासारखं वाजवा तरी काहीतरी," बोदिल म्हणायची.

तिसऱ्या वर्षी मे महिन्यात अर्जांचा गठ्ठा घरी आला. बोदिल दाराबाहेरच्या बाकावर उन्हात वाचत बसली. मधल्याच एका अर्जाची पहिली ओळ वाचली आणि तिचा कॉफीचा कप तसाच हातात राहिला. सीलची फुप्फुसं. खाली वाचलं, तर माणसाचं फुप्फुस ओल्या पिशवीसारखं चिकटतं. आणखी खाली, तर सील मारणार नाही, जाळ्यांत मेलेले कोळ्यांकडनं मागून घेणार.

"आस्गर, लेका," बोदिल मोठ्यानं म्हणाली.

दह्यातनं उठला शेवटी. तिला आनंद झाला, पण तो फार टिकला नाही. कारण ह्या अर्जाला तिथं दुसरं कुणी हात लावणार नाही, हे ती बाकीच्या पंचांना ओळखून होती. ते हसणार आणि बाजूला सारणार. ह्याला तारायला तिचीच राणी हवी. आणि तिनं तर अर्ज ओळखला होता.

गप्प बसून राणी टाकली असती तर कुणाला कळणार होतं? कुणालाच नाही.

त्याच आठवड्यात सुट्टी होती म्हणून ती त्युबोरोनला गेली. क्रेस्टेन धक्क्यावर जाळं शिवत बसला होता. तिला बघितल्या बघितल्या त्यानं जाळ्याचं भगदाड पुढं केलं. "बघ हे. तुझ्या लाडक्या सीलचं काम. मासा खाल्ला तर खाल्ला, जाळं तरी सोडायचं. निम्मा खातो आन् निम्मा मला दाखवायला ठेवतो."

"भूक लागली आसंल."

"मलाबी लागती. मी कुणाची जाळी फाडत हिंडतो का?" त्यानं सुई दाताखाली धरली. "तुझं काय बिनसलंय? आल्यापास्नं समुद्राकडं बघायलीस. तो हाय तिथंच हाय."

अर्जाचं बोलायची सोय नव्हती. बोदिल म्हणाली, "शुक्रवारी तुम्ही पत्ते कुटता. समज, चुकून समोरच्याची पानं तुला दिसली. काय करतोस?"

"कुणाची, पोस्टमास्तरची? तो मुद्दामच दाखवतो, आपण रडावं म्हणून."

"चेष्टा न्हाई."

क्रेस्टेननं सुई तोंडातनं काढली. "सांगायचं, दिसली म्हणून. आन् त्या डावातनं उठायचं. न्हाईतर पुढच्या शुक्रवारी तुझ्याबरोबर बसंल कोण?"

"आन् डाव तुझ्याच हातनं निघण्यासारखा आसला तर?"

"तर उठताना जास्त दुखंल. उठायचं ते उठायचंच." आणि तो परत भगदाडाला लागला.

जूनमध्ये कोपनहेगनला बैठक भरली. बंदरालगतचं फंडाचं जुनं घर, लांबलचक टेबल, उजवीकडं घ्यायच्या अर्जांचा गठ्ठा, डावीकडं पडलेल्यांचा. बैठक दोन दिवसांची. पहिल्या दिवशी जेवणानंतर सीलची पाळी आली. रक्ताच्या आजारांवर काम करणारी पर्निल बोदिलच्या समोर बसायची. बाई हुशार, पण जीभ अशी की ब्लेड परवडलं. तिनं कागद दोन बोटांत धरला. "हे काय आहे? आपण मत्स्यालय कधीपासून काढलं?"

टेबलाभोवती हशा पिकला.

"थांबा," बोदिल म्हणाली. "मला ह्यावर बोलता येत न्हाई. हे कुणाचं हाय ते मला कळलंय."

विगोनं चष्मा काढला. "अंदाज आहे की खात्री?"

"माझ्या हाताला वास येतो, त्याची जेवढी खात्री, तेवढी."

"मग तेवढी पुरे," पर्निल म्हणाली, "तो वास इथवर येतोय." पुन्हा हशा. बोदिल उठून बाहेर गेली.

बाहेर गेलेल्यानं बसायची एक बाजूची खोली होती. तिथं काचेच्या पेटीत म्हाताऱ्याचं पहिलं दुधाचं यंत्र ठेवलेलं. बोदिल त्याच्याकडं बघत उभी राहिली. आतनं बोलणं कळत नव्हतं, पण हसणं कळत होतं. थोड्या वेळानं तिला बोलावलं. ती जागेवर येऊन बसली आणि तिनं डावीकडं बघितलं. सील डावीकडच्या गठ्ठ्यात पडला होता.

बरोबर केलं आपण, असं तिनं स्वतःला सांगितलं. पण रात्री जेवताना मन काही ऐकेना. आस्गर वाट बघत असेल, त्याला नुसतं दोन ओळींचं नकाराचं पत्र जाईल, आणि हा गडी पुन्हा दह्यात जाऊन बसेल तो कायमचा. ती जेवणावरनं उठून धक्क्यावर गेली. जूनचा महिना, रात्रीही बाहेर अजून लख्ख उजेड होता. तिनं फोन लावला.

"आस्गर, मी बोदिल."

"अगं बया! कोण मेलं?"

"कुणी न्हाई. ऐक, वाईट वाटून घेऊ नको. मला बाहेर जावं लागलं म्हणून पडलं. मी आत आसते तर राणी टाकली असती. पुढच्या वर्षी परत टाक. मी तोवर पंचकी सोडते, माझ्या जागी येईल त्याला तरी पटंल."

"कुठली राणी? बोदिल, प्यायलीस का?"

"सीलचा अर्ज रे. तुझा."

मग आस्गर सावकाश म्हणाला, "बोदिल, दह्याच्या डब्यावरची तारीख सोडली तर मी इतक्या वर्षांत काही लिहिलंच न्हाई."

"खोटं बोलू नको. त्यात ओली पिशवी हाय."

"मग? पिशव्या काय एकट्या माझ्या घरात ओल्या व्हतात?"

बोदिल धक्क्याच्या कठड्याला टेकली.

"म्हंजे दुसऱ्याच कुणाला सुचलंय?" आस्गरचा आवाज बदलला. "आपलं आपण? जाळ्यातल्या सीलसकट?"

"जाळ्यातल्या सीलसकट."

"बरं झालं बघ. म्हंजे आपण येडे नव्हतो." तो हसला आणि मग हसायचा थांबला. "आन् तू ते पाडलंस?"

"मी पाडलं न्हाई. मी बाहेर गेले."

"तेच की."

बोदिलनं फोन दुसऱ्या कानाला लावला. आस्गरच म्हणाला, "हे तू मला सांगायचं नसतं ना?"

"न्हाई."

"मग मी काय ऐकलंच न्हाई. माझ्या तोंडनं कुठं जायचं न्हाई. तूबी गप बस आन् झोप जा."

गप बसणं सोपं होतं. दुसऱ्या दिवशी डावीकडचा गठ्ठा बांधून तळघरात जाणार, आणि सील तिथं कायमचा बुडणार. कुणीतरी अनोळखी माणूस, ज्याला तीच गोष्ट आपली आपण सुचली, तो नकाराचं पत्र वाचून आपल्या दह्याच्या कारखान्याची वाट धरणार. उलट बोलायचं तर, ओळख चुकली हे कशावरनं कळलं, तेही सांगावं लागणार. म्हणजे फोन केल्याचं कबूल करायचं, म्हणजे पंचकी जायची, आणि ज्या बाईचं तोंड आजवर घट्ट म्हणून सगळीकडं बोलावणं यायचं, तिचं तोंड फुटकं ठरायचं. देश एवढासा. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं.

बोदिल बराच वेळ धक्क्यावर येरझाऱ्या घालत राहिली, पुढं वाकून. वारा नव्हता. आपल्याला सगळ्यात जास्त काय टोचतंय ते तिला चालता चालता कळलं. जगात ही गोष्ट आपल्याशिवाय आणि आस्गरशिवाय दुसऱ्या कुणाला सुचूच शकत नाही, असं ती धरून चालली होती. तिनं अर्ज ओळखला नव्हता, स्वतःचंच तोंड आरशात बघितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाव आणायची पाळी तिची होती. बैठकीचा तो रिवाजच, रोज एकानं सगळ्यांना न्याहारीचे पाव आणायचे. बोदिलनं बेकरीतनं खसखशीचे गरम पाव आणले, चीज कापलं, लोणी मांडलं. सगळ्यांनी चापून खाल्लं. टेबल पुसून झाल्यावर विगोनं नेहमीचा प्रश्न टाकला, "डावीकडचा गठ्ठा बांधायच्या आधी कुणाला काही म्हणायचंय?"

बोदिल उठली. डाव्या गठ्ठ्यातनं सीलचा अर्ज उपसून काढला, टेबलाच्या मधोमध ठेवला, आणि इस्पिकची राणी वर टाकली.

"अगं, तुला येत नाही टाकता!" पर्निल म्हणाली. "तू ओळखलंयस तो."

"न्हाई ओळखला. चुकले. कुणाचा हाय ते मला ठाऊक न्हाई."

"काल तर हाताच्या वासाएवढी खात्री होती."

"ज्याचा वाटला त्याला मी काल फोन केला. त्याचा न्हाई."

कचेरीतली बाई इतिवृत्त लिहीत होती, तिचं पेन थांबलं. अर्ज कुणाचा ते फक्त तिलाच ठाऊक होतं, आणि ती खाली मान घालून बसली.

विगो म्हणाला, "बोदिल, तू बैठकीतली गोष्ट बाहेर सांगितलीस?"

"सांगितली. आनंदानं न्हाई. त्याची कीव आली म्हणून. कारण काहीबी आसू दे, सांगितली."

"मग ती कालच पंच राहिली नाही," पर्निल ताडकन म्हणाली. "राणी आज पडली. जी पंच नाही तिचं पान कसं चालेल? उचला ते."

"पंच राहायचं की नाही ते अध्यक्ष ठरवतो," विगो म्हणाला. "पान पडलं तोवर मला काही ठाऊकच नव्हतं, मी काही ठरवलं नव्हतं."

"ठाऊक नव्हतं, कारण हिनं आधी पान टाकलं आणि मग सांगितलं!" पर्निल बोदिलकडं वळली. "आधी पाव, मग राणी, मग कबुली. क्रम चांगला जुळवून आणलास."

"व्हय," बोदिल म्हणाली. "पावाचं मात्र तसं न्हाई. पाव माझ्या पाळीचे व्हते."

कुणीतरी फसकन हसलं आणि लगेच खोकल्यासारखं केलं. विगो मात्र हसला नाही. त्यानं अर्ज पुढं ओढला. राणीला हात न लावता तिच्या कडेकडेनं तो पहिल्यापासून वाचू लागला. सगळे त्याच्या तोंडाकडं बघत बसले. वाचून झाल्यावर तो म्हणाला, "पर्निल, तुला हा अर्ज आवडत नाही."

"नाही. आणि कालच्या फोनमुळं तो जास्त आवडायला लागला असंही नाही."

"मलाही तो खुळचट वाटतो. पण म्हाताऱ्यानं पैसा त्याच्यासाठीच ठेवलाय. बोदिलनं चूक केली, अर्जदारानं काही केलेलं नाही. पान पडलंय ते पडलंय." मग तो बोदिलकडं वळला, आणि त्याचा आवाज पडला. "आणि तू जा. आत्ता. इथं पुन्हा पंच म्हणून नाही, आणि अर्ज घेऊनही नाही."

"ते बरोबरच हाय," बोदिल म्हणाली. तिनं पिशवी उचलली.

दारापर्यंत पर्निल तिच्या मागं आली. "मूर्ख आहेस तू," ती हळू म्हणाली. "पाव चांगले होते."

बोदिल दुपारच्या गाडीनं ऑर्हुसला परतली. आठवड्याच्या आत विद्यापीठाच्या मोठ्या साहेबाचा निरोप आला. तो म्हणाला, हे व्हायला नको होतं. बोदिल म्हणाली, व्हायला नको होतं, पण झालंय. त्यानंतर पंच म्हणून तिला कुठूनच बोलावणं आलं नाही. आधी वर्षातनं चार-पाच ठिकाणची यायची. भोजनगृहात दोघे-तिघे तिला बघून आवाज खाली करायचे, ते पुढं वर्षभर चाललं. तिला त्याचं वाईट वाटायचं, पण वाईट वाटतंय हे तिनं कुणाला कळू दिलं नाही. सकाळी कत्तलखान्यात जायची, बादल्या आणायची, डुकरांचे अहवाल वेळेवर द्यायची.

हिवाळ्याच्या तोंडावर फंडानं नावं छापली. सीलपुढं नाव होतं रान्नवा, फेरो बेटांवरची जनावरांची डॉक्टर. बोदिलनं ते नाव कधी ऐकलं नव्हतं. आस्गरचा फोन आला. "बाई हाय बघ. बेटावरची. त्यांच्याकडं तर पिशव्या कायमच ओल्या." बोदिलनं रान्नवाला पत्र टाकलं नाही. काय म्हणून टाकणार?

दोन वर्षं गेली. एका वसंतात रान्नवा ऑर्हुसला व्याख्यानाला आली. सभागृह निम्मं भरलेलं. बोदिल मागच्या रांगेत बसली. रान्नवा चाळिशीतली, आखूड केसांची, लोकरीचा जाड स्वेटर घातलेली. तिनं सांगितलं ते सरळ सांगितलं. सीलच्या फुप्फुसातला लेप काढता येतो, तो चिकटू देत नाही हे खरं. पण माणसाच्या फुप्फुसाच्या तुकड्याला लावला की थोड्याच वेळात त्याचा गुण जातो. का जातो, ते कळलेलं नाही. "मी म्हणाले होते तसं झालं नाही," ती म्हणाली आणि पाणी प्यायली.

पुढच्या रांगेतला एकजण शेजाऱ्याला ऐकू जाईल इतपत म्हणाला, "गेले पैसे समुद्रात."

बोदिलनं मागनं विचारलं, "का जातो त्याचा शोध घेणार का?"

"घ्यायचाय. पैसे संपले. तो फंड दुसऱ्यांदा देत नाही, आणि बाकीचे म्हणतात एकदा फसलंय."

सभा संपल्यावर बोदिल तिच्यापाशी गेली. "चल, कॉफी पाजते."

वर कामाच्या खोलीत बोदिलनं कॉफी ओतली आणि मुद्द्यालाच हात घातला. "माझे डुकरांचे पैसे अजून दोन वर्षं चालतील. डुकराशी ताडून बघायला दुसरा एक प्राणी घ्यायची त्यात सोय हाय. कुठला प्राणी, ते कुणी विचारलेलं न्हाई. शीतखोलीत खालचा कप्पा तुला देते. पगार देता येणार न्हाई, जागा, यंत्रं आन् मी. आन् कोळ्यांकडनं सील लागले तर माझा भाऊ देईल. शिव्या देत देईल, पण देईल."

रान्नवा तिच्याकडं बघत राहिली. "तू मला ओळखत नाहीस."

"न्हाई."

"मग का?"

"मला त्याचं उत्तर पाहिजे. बरीच वर्षं पाहिजे."

रान्नवानं कप खाली ठेवला. "तू त्या फंडात पंच होतीस ना? कुणीतरी सांगत होतं, तुला काढलं म्हणून."

"काढलं."

"मग माझा अर्ज वाचला होतास?"

"वाचला व्हता."

"कसा वाटला?"

बोदिलनं जरा विचार केला. "चोरलेला वाटला."

रान्नवाचा चेहरा लाल झाला. "चोरलेला? कुणाचा?"

"माझाच. मग कळलं, न्हाई म्हणून." बोदिल उठली आणि शेजारच्या शीतखोलीचं जड दार ओढून उघडलं. खालच्या कप्प्यातली डुकरांची भांडी एकेक करून वर सरकवायला लागली. "उभी काय राह्यलीस? धर हे. आन् तुझ्या भांड्यांवर नाव घाल मोठ्या अक्षरात, न्हाईतर माझी शिकाऊ पोरं सीलवर डुकराचं औषध मारतील."